मेल दिसतात, पण पाठवता येत नाहीत: ऑफिसच्या शेअर्ड पत्त्याच्या परमिशनचा गुंता

एका द्राक्ष निर्यातदाराकडून आलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस, ऑफिस नाशिकमध्ये. निर्यातीच्या कागदपत्रांसाठी 'एक्स्पोर्ट' नावाचा एकच पत्ता, मायक्रोसॉफ्ट ३६५ वरचा शेअर्ड मेलबॉक्स. तिघं जण तो वापरतात. अकाउंट्सवाल्या दादांना सगळे मेल दिसतात, पण उत्तर पाठवलं की परमिशन नाही म्हणून मेल परत येतो. डॉक्युमेंटेशन बघणाऱ्या ताईंचा मेल जातो, पण रॉटरडॅमच्या खरेदीदाराला त्यांचं नाव आणि पुढे 'ऑन बिहाफ ऑफ एक्स्पोर्ट' असं दिसतं, आणि त्याने 'या बाई कोण?' असं विचारलंय. तिसरा मुलगा मागच्या हंगामात याच पत्त्यावरून पाठवत होता. एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर काम सोडून गेला, जानेवारीत परत आला. परमिशनच्या यादीत त्याचं नाव आहे, तरी त्याला पाठवता येत नाही. अ‍ॅडमिनचं म्हणणं, 'सगळ्यांना फुल अ‍ॅक्सेस दिलाय, आता अजून काय द्यायचं राहिलं?'

राहिलंय. तिघांचं दुखणं वेगळं आहे, त्यामुळे एकच औषध तिघांना देऊन उपयोग नाही.

मेलबॉक्स उघडून वाचणं आणि त्याच्या नावाने बोलणं या दोन गोष्टी एक्स्चेंजमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या मेल सर्व्हरमध्ये, पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या आहेत. गोडाउनची किल्ली हातात आहे म्हणून कंपनीच्या चेकवर सही करता येत नाही, तसंच हे. फुल अ‍ॅक्सेस म्हणजे किल्ली: मेल वाचा, फोल्डर करा, पुसा, हलवा. त्यात पाठवण्याचा अधिकार येत नाही. पाठवण्यासाठी दोन वेगळ्या परमिशन आहेत. सेंड अ‍ॅज दिली तर समोरच्याला फक्त 'एक्स्पोर्ट' दिसतं, मागे कोण बसलंय ते कळत नाही. सेंड ऑन बिहाफ दिली तर पाठवणाऱ्याचं नाव सोबत जातं. उलटही खरं आहे: नुसती सेंड अ‍ॅज दिली तर माणूस त्या नावाने पाठवू शकतो, पण त्या बॉक्समधले मेल वाचू शकत नाही. त्यामुळे रोज काम करणाऱ्याला दोन्ही लागतात, फुल अ‍ॅक्सेस आणि सेंड अ‍ॅज.

म्हणजे दादांकडे फक्त किल्ली आहे. ताईंकडे किल्ली आहे आणि सेंड ऑन बिहाफ आहे. मुलाचं प्रकरण जरा मजेशीर आहे, त्याकडे नंतर येतो.

परमिशनला हात लावण्याआधी एक काम करा. परत आलेला मेल उघडून नीट वाचा. वरची मोठ्या अक्षरातली गोड भाषा सोडून द्या, खाली अ‍ॅडमिनसाठी म्हणून जो किचकट भाग असतो तो बघा. नकार कोणी दिला हे तिथे कळतं. '५.७.६०' आणि 'क्लायंट डझ नॉट हॅव परमिशन्स टू सेंड अ‍ॅज धिस सेंडर' असं असेल, किंवा '५.२.२५२' आणि 'सेंडअ‍ॅजडिनाइड' असा एक जोडशब्द असेल, तर नकार तुमच्याच घरातला आहे. मेल कंपनीच्या बाहेर पडलेलाच नाही. खरेदीदाराला फोन करून 'तुमचा सर्व्हर आमचे मेल नाकारतोय' असं सांगायची गरज नाही. उलट त्या ओळीत समोरच्याच्या मेल सर्व्हरचं नाव असेल आणि एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) किंवा 'ऑथेंटिकेशन' असले शब्द असतील, तर तुमची परमिशन बरोबर आहे आणि अडचण डोमेनच्या नोंदींत आहे. हा फरक न बघता लोक दोन-दोन दिवस परमिशन काढत-घालत बसतात. मेसेज ट्रेसमध्ये (मेल कुठपर्यंत पोचला ते दाखवणाऱ्या पानावर) मेल 'डिलिव्हर्ड' दिसत असेल तर परमिशनचा विषय तिथेच संपतो.

आणखी एक कोड ओळखून ठेवा: '५.१.८, अ‍ॅक्सेस डिनाइड, बॅड आउटबाउंड सेंडर'. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' वाचून अ‍ॅडमिन सेंड अ‍ॅजची यादी उघडतो, पण हा परमिशनचा भाग नाही. त्या खात्यातून संशयास्पद मेल गेले म्हणून मायक्रोसॉफ्टने त्याचं बाहेर पाठवणं बंद केलेलं असतं. बहुतेक वेळा पासवर्ड चोरीला गेलेला असतो. अशा वेळी आधी पासवर्ड बदला, मेल दुसरीकडे वळवणारे काही नियम कोणी गुपचूप टाकलेत का ते तपासा, आणि मगच रिस्ट्रिक्टेड एंटिटीजच्या पानावरून खातं मोकळं करा. निर्यातवाल्यांनी तर हे हलक्यात घेऊच नये. ज्या पत्त्यावरून इनव्हॉइस आणि बँकेचे तपशील जातात, त्यात शिरलेला माणूस सर्वात आधी खरेदीदाराला 'आमचा खाते क्रमांक बदललाय' असा मेल टाकतो.

आता कामाला लागू. एक्स्चेंज अ‍ॅडमिन सेंटर उघडा, रेसिपियंट्समध्ये मेलबॉक्सेस, तिथे 'एक्स्पोर्ट' वर क्लिक, आणि उजवीकडे उघडलेल्या पट्टीत डेलिगेशन. तिथे तीन खाने दिसतील: सेंड अ‍ॅज, सेंड ऑन बिहाफ, आणि रीड अँड मॅनेज. हा तिसरा म्हणजेच फुल अ‍ॅक्सेस. दादांचं नाव फक्त तिसऱ्यात असणार. ते पहिल्यातही घाला, झालं.

ताईंचं नाव सेंड अ‍ॅजमध्ये घाला आणि सेंड ऑन बिहाफमधून काढा. एकाच माणसाकडे दोन्ही असतील तर एक्स्चेंज सेंड अ‍ॅजच वापरतं, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या काढलं नाही तरी चालेल. पण मी काढतोच. दोन्ही यादीत नावं राहिली की सहा महिन्यांनी आलेल्या नव्या अ‍ॅडमिनला कोणतं मुद्दाम दिलंय आणि कोणतं उरलंसुरलं आहे हे कळत नाही. खरेदीदाराची जी शंका होती ती यानंतर निघून जाईल. तसं पाहिलं तर 'ऑन बिहाफ' असतानाही त्याने उत्तर दिलं तर ते 'एक्स्पोर्ट' लाच येतं, ताईंच्या खाजगी बॉक्सला नाही. म्हणजे काम अडलेलं नव्हतं, फक्त दिसायला खटकत होतं. वकिलांच्या किंवा सीएंच्या ऑफिसात मात्र मी कधीकधी मुद्दाम ऑन बिहाफ ठेवायला सांगतो. तिथे अशिलाला आपल्या कागदावर कोणी काम केलं हे कळलेलं बरं असतं.

आता त्या मुलाचं. कर्मचारी गेला की त्याचं खातं डिलीट होतं. डिलीट केलेलं खातं ३० दिवस परत आणता येतं, त्यानंतर नाही. एप्रिलमध्ये गेलेला माणूस जानेवारीत आला म्हणजे त्याच नावाने, त्याच पत्त्याने नवं खातं बनवलं असणार. आपल्याला ते तेच वाटतं. सर्व्हरला नाही. परमिशन नावाला चिकटलेली नसते, ती खात्याच्या आतल्या ओळख-क्रमांकाला चिकटलेली असते. जुना क्रमांक गेला, नवा वेगळा. यादीत जे दिसतंय ते जुन्या खात्याचं भूत आहे. खात्री करायची असेल तर पॉवरशेलमध्ये (टाइप केलेल्या आज्ञांनी सर्व्हरशी बोलायची खिडकी) गेट-रेसिपियंटपरमिशन ही आज्ञा त्या मेलबॉक्सवर चालवा. ट्रस्टीच्या, म्हणजे परमिशन मिळालेल्याच्या, रकान्यात नावाऐवजी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारी लांबलचक आकड्यांची माळ दिसली, तर ती गेलेल्या खात्याची नोंद. ती काढा, नवं खातं नव्याने घाला. फुल अ‍ॅक्सेसची यादी वेगळी असते, ती गेट-मेलबॉक्सपरमिशनने बघा. तिथेही हाच प्रकार असतो. असं यादी साफ करताना आधी सोडून गेलेल्या दोघातिघांची नावं हमखास सापडतात.

याच मुलाच्या बाबतीत पुढे अजून एक त्रास होणार आहे, तो आत्ताच सांगतो. मागच्या हंगामातल्या एखाद्या जुन्या अंतर्गत मेलला कोणी 'रिप्लाय ऑल' केलं, की त्याच्या नावे मेल परत येईल, आणि बाउन्समध्ये 'आयएमसीईएईएक्स' ने सुरू होणारा विचित्र पत्ता दिसेल. कारण तेच. कंपनीच्या आतल्या मेलमध्ये आउटलुक साधा पत्ता न ठेवता एक्स्चेंजचा आतला पत्ता ठेवतं, आणि तो जुन्या खात्याबरोबर गेला. उपाय असा की तो जुना आतला पत्ता नव्या खात्यावर एक्स५०० प्रकारचा जादा पत्ता म्हणून टाकायचा. ते जमत नसेल तर सगळ्यांनी नाव नव्याने निवडायचं.

परमिशन दिल्यावर थांबा. मायक्रोसॉफ्ट स्वतः ६० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो असं सांगतं. आपल्याकडे होतं काय, अ‍ॅडमिनने परमिशन दिली, पाच मिनिटांत दादांनी पाठवून बघितलं, नाही गेलं. अ‍ॅडमिनने काढून परत दिली, परत पाच मिनिटं. कंटेनर न्हावा शेवाला निघालेला, सगळ्यांचा जीव टांगणीला, आणि प्रत्येक काढ-घालीबरोबर घड्याळ परत शून्यावर. एकदा द्या, आउटलुक बंद करा, चहा घ्या, तासाने उघडा. घाई असेल तर तेवढ्यापुरती फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटची आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत आपल्या नावाने पाठवा, 'एक्स्पोर्ट' ला सीसीत ठेवा.

तासानंतर तपासणी करायची ती ब्राउझरमध्ये, आउटलुक वेबवर. हे महत्त्वाचं आहे आणि लोक इथेच चुकतात. वेबवर नवा मेल उघडा, 'फ्रॉम' ची ओळ दिसत नसेल तर पर्यायांत जाऊन ती दाखवायला लावा, आणि तिथे 'एक्स्पोर्ट' चा पूर्ण पत्ता टाइप करून स्वतःच्याच एखाद्या बाहेरच्या जीमेलला पाठवा. वेबवर तुमच्या कॉम्प्युटरमधला साठवलेला मालमसाला मध्ये येत नाही, थेट सर्व्हरशी बोलणं होतं. तिथून गेला म्हणजे परमिशन पक्की. मग डेस्कटॉपवरच्या आउटलुकमधून जात नसेल तर दोष त्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि अ‍ॅडमिन सेंटरमध्ये जाण्याची गरज नाही. वेबवरूनही जात नसेल तर परत डेलिगेशनची यादी बघा.

डेस्कटॉपवर अडतं त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे 'फ्रॉम' मध्ये दोन अक्षरं टाइप केल्यावर जे नाव आपोआप पुढे येतं ते. ते आउटलुकने कधीतरी साठवून ठेवलेलं असतं. मधल्या काळात शेअर्ड मेलबॉक्स डिलीट करून नव्याने केला असेल, किंवा त्या नावाचा आधी नुसता ग्रुप असेल, तर पुढे येणारं नाव त्या जुन्याचं असतं. नाव बरोबर दिसतं, पत्ता बरोबर दिसतो, आणि मेल परत येतो. त्या सुचवणीच्या उजव्या टोकाला फुली असते, ती दाबून नोंद उडवा. मग 'फ्रॉम' वर क्लिक करून 'अदर ई-मेल अ‍ॅड्रेस' निवडा आणि ग्लोबल अ‍ॅड्रेस लिस्टमधून (कंपनीच्या सगळ्या पत्त्यांची यादी) 'एक्स्पोर्ट' शोधून घ्या. टाइप करू नका, यादीतूनच घ्या. कोणी हाच पत्ता स्वतःच्या काँटॅक्ट्समध्ये सेव्ह केला असेल तर तो तिथूनही काढा. आउटलुक मग त्याला बाहेरचा साधा पत्ता समजतं आणि घोळ होतो.

दुसरं कारण अ‍ॅड्रेस बुकचं. जुनं आउटलुक कॅश्ड मोडमध्ये अ‍ॅड्रेस बुकची प्रत कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतं आणि ती साधारण दिवसातून एकदाच ताजी करतं. आज बनवलेला मेलबॉक्स आज त्यात नसतो. 'सेंड/रिसीव्ह' च्या टॅबमधून अ‍ॅड्रेस बुक हाताने उतरवून घेता येतं, पण सर्व्हरवरच नवी प्रत तयार झाली नसेल तर उद्यापर्यंत वेब वापरा. याचीच एक आडवाट अशी की, कोणीतरी नीटनेटकेपणाच्या नादात 'एक्स्पोर्ट' हा पत्ता अ‍ॅड्रेस लिस्टमधून लपवून ठेवलेला असतो. लपवलेला पत्ता त्या उतरवलेल्या प्रतीत येत नाही, आउटलुकला तो सापडत नाही, आणि परमिशन असूनही नकार मिळतो. लपवणं बंद करा.

तिसरं, शेअर्ड मेलबॉक्स वेगळं खातं म्हणून पासवर्ड टाकून जोडणं. हे मला नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या युनिट्समध्ये फार दिसतं. शेअर्ड मेलबॉक्सला स्वतंत्र लॉगिन करायचंच नसतं. त्याच्या मागचं खातं असतं, पण त्याचं साइन-इन बंद ठेवावं अशी मायक्रोसॉफ्टची सूचना आहे. प्रत्येकाने आपल्या खात्याने आत यायचं. फुल अ‍ॅक्सेस थेट माणसाला दिला असेल तर डेस्कटॉप आउटलुकमध्ये तो बॉक्स डावीकडे आपोआप येऊन बसतो. ग्रुपमार्फत दिला असेल तर आपोआप येत नाही, अकाउंट सेटिंग्जमधून जोडावा लागतो. आणि ग्रुपमार्फत द्यायचं ठरवलं तर तो मेल-एनेबल्ड सिक्युरिटी ग्रुप (परमिशन देण्यासाठीचा, स्वतःचा मेल पत्ता असलेला ग्रुप) हवा. साधा मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप टाकून लोक 'दिलं तरी चालत नाही' म्हणतात. मोबाइलवर आउटलुकचंच अ‍ॅप घ्या, त्यात शेअर्ड मेलबॉक्स जोडायची सोय आहे. पॅकहाउसवरून फोनवर उत्तरं देणाऱ्या माणसाला हे लागतंच.

पासवर्ड सगळ्यांत वाटून घेण्याचा प्रकार मात्र बंद करा. एक माणूस गेला की पासवर्ड बदला, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो यावरून भांडा, आणि चुकीचा मेल गेला तर कोणी पाठवला हे कोणालाच सांगता येत नाही. सेंड अ‍ॅजमध्ये बाहेरच्याला नाव दिसत नसलं तरी आत ऑडिट लॉगमध्ये कोणत्या खात्याने पाठवलं त्याची नोंद होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. एकाच पासवर्डने सगळे आत शिरत असतील तर त्या लॉगमधून हाती काही लागत नाही.

लायसन्सबद्दल कोणी घाबरवलं असेल तर: शेअर्ड मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही, वापरणाऱ्यांचं स्वतःचं लायसन्स पुरतं. द्राक्षांचे फोटो आणि लॅब रिपोर्ट पीडीएफ भरभरून येतात, तेव्हा आकाराकडे लक्ष ठेवा. आणि एका बॉक्सवर २५ पेक्षा जास्त माणसं लावू नका.

परमिशन मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी येणारी तक्रार म्हणजे 'ताईंनी काल पाठवलेला मेल एक्स्पोर्टच्या सेंटमध्ये दिसत नाही'. बरोबर आहे, तो ताईंच्या स्वतःच्या सेंट आयटम्समध्ये आहे. मूळ सेटिंग तसंच असतं. मग दादा तोच इनव्हॉइस दुसऱ्यांदा पाठवतात आणि खरेदीदार पुन्हा गोंधळतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये शेअर्ड मेलबॉक्सच्या पानावर 'सेंट आयटम्स' नावाचं सेटिंग आहे. तिथे सेंड अ‍ॅज आणि सेंड ऑन बिहाफ दोन्हींसाठी प्रत ठेवायला सांगा. ते सुरू केल्यापासूनच्या मेलना लागू होतं, जुने सेंट आपोआप येऊन बसत नाहीत.

तुमचा पत्ता शेअर्ड मेलबॉक्सच आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून इतकं सोपं गेलं. पण हे वाचणाऱ्या इतरांनी आधी आपला 'इन्फो' किंवा 'सेल्स' हा पत्ता नक्की काय आहे ते बघावं. तो ग्रुप असू शकतो. ग्रुपवरही सेंड अ‍ॅज देता येते, फक्त ती ग्रुपच्या पानावर द्यायची. किंवा, आणि आपल्याकडे हेच जास्त, तो मालकांच्या मेलबॉक्सला लावलेला जादा पत्ता असतो, ज्याला एलियास म्हणतात. एलियासवर वेगळी परमिशन देता येत नाही. द्यायची तर मालकांच्या बॉक्सवरच सेंड अ‍ॅज द्यावी लागेल, म्हणजे ऑफिसातला कोणीही मालकांच्या नावाने मेल टाकू शकेल. वर, संस्थेच्या सेटिंगमध्ये एलियासवरून पाठवायला परवानगी दिलेली नसेल तर 'इन्फो' निवडूनही समोरच्याला मालकांचा मुख्य पत्ताच दिसतो. अशा वेळी परमिशनशी झटापट करू नका. एलियास मालकांच्या खात्यावरून काढा आणि त्या पत्त्याचा शेअर्ड मेलबॉक्स बनवा. पत्ता मोकळा झाल्यापासून नवा बॉक्स बनेपर्यंत येणारे मेल परत जातात, म्हणून हे सुटीच्या दिवशी करा, सोमवारी सकाळी अकरा वाजता नाही.

ज्यांचा अर्धा कारभार अजून स्वतःच्या ऑफिसातल्या एक्स्चेंज सर्व्हरवर आहे आणि अर्धा क्लाउडवर, त्यांच्यासाठी एवढंच: सेंड अ‍ॅजची परमिशन इकडून तिकडे आपोआप सिंक होत नाही. दोन्हीकडे द्यावी लागते.

पॉवरशेल वापरणाऱ्यांना एक सावधगिरी. सेट-मेलबॉक्स आज्ञेत 'ग्रँटसेंडऑनबिहाफटू' पुढे नुसतं एक नाव लिहिलं तर आधीची सगळी यादी पुसून तेवढं एकच नाव उरतं. 'अ‍ॅड' म्हणून सांगावं लागतं. 'काल चौघांना जमत होतं, आज एकालाच जमतंय' या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

स्कॅनर आणि टॅलीचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे माणूस नसतो आणि चूक तीच असते. टॅलीतून बिलं पाठवताना किंवा झेरॉक्स मशिनमधून स्कॅन मेल करताना लॉगिन एका खात्याचं असतं आणि 'फ्रॉम' मध्ये 'अकाउंट्स' सारखा शेअर्ड पत्ता भरलेला असतो. सर्व्हर लॉगिनच्या खात्याला विचारतो, 'तुला या नावाने पाठवायची परवानगी आहे का?' नसली की तोच '५.७.६०'. ज्या खात्याने मशिन लॉगिन करतं त्या खात्याला त्या शेअर्ड पत्त्यावर सेंड अ‍ॅज द्या. त्या खात्याला मेलबॉक्सचं लायसन्स हवं आणि त्यावर एसएमटीपी ऑथ (मशिनला खात्याने लॉगिन करून मेल पाठवू देणारी सोय) चालू हवं. सिक्युरिटी डीफॉल्ट्स (मायक्रोसॉफ्टची तयार सुरक्षा सेटिंग्ज) चालू असतील तर ते बंद असतं. मग लॉगिनच होत नाही आणि बाउन्सही येत नाही, मशिन फक्त 'एरर' दाखवतं. या मार्गाने मिनिटाला ३० मेलांची मर्यादा आहे. महिनाअखेरीला दोनशे बिलं एकदम सोडली की मधली काही अडकतात, आणि त्याचं खापर परमिशनवर फुटतं.

गुगल वर्कस्पेसवाल्यांचं थोडक्यात. तिथे दोन रस्ते आहेत. शेअर्ड पत्त्यासाठी वेगळं पैसे भरलेलं खातं घेऊन ते इतरांना डेलिगेट करायचं, म्हणजे पासवर्ड न देता वापरायला द्यायचं. यासाठी आधी अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये मेल डेलिगेशन सुरू असावं लागतं, आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसावं की नाही हे त्या खात्याच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. दुसरा रस्ता गुगल ग्रुपचा, त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. प्रत्येकाने आपल्या जीमेलच्या 'सेंड मेल अ‍ॅज' मध्ये ग्रुपचा पत्ता जोडायचा. जोडताना गुगल त्या पत्त्यावर एक कोड पाठवतं, आणि तो कोड येत नाही अशी तक्रार होते. कारण ग्रुपवर बाहेरच्यांना मेल टाकायला बंदी असते आणि कोडचा मेल बाहेरचाच समजला जातो. तेवढ्यापुरतं ग्रुपमध्ये बाहेरच्यांना पोस्ट करू द्या, कोड घ्या. 'इन्फो' सारखा पत्ता असेल तर ते तसंही कायम उघडं ठेवावं लागतं, नाहीतर ग्राहकांचे मेलही येणार नाहीत.

स्वस्त होस्टिंगच्या मेलवर असली डेलिगेशनची सोय बहुधा नसते. तिथे एका खात्याने लॉगिन करून दुसऱ्याचा 'फ्रॉम' टाकला की '५५३, सेंडर अ‍ॅड्रेस रिजेक्टेड, नॉट ओन्ड बाय यूजर' अशा अर्थाचं उत्तर येतं. आउटलुकमध्ये ज्या पत्त्यावरून पाठवायचं त्याच पत्त्याचं आउटगोइंग लॉगिन आहे ना, एवढंच तपासा.

आणि मेल गेला, बाउन्स नाही, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतोय, तर वरचं काहीही करू नका. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी जिथे ठेवतात तिथे) एसपीएफची नोंद एकच आहे ना ते बघा. वेबसाइटवाल्याने एक आणि मेलवाल्याने दुसरी अशा दोन नोंदी टाकल्या की दोन्ही बाद होतात. एका नोंदीतून होणाऱ्या शोधांची मर्यादाही १० आहे. डीकेआयएम सुरू करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलंय, जीमेलला दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि डीमार्कही (ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) लागतं.

तुमच्यापुरतं आज हे करा: मुलाची जुनी नोंद काढा, तिघांनाही सेंड अ‍ॅज नव्याने द्या, ताईंचं ऑन बिहाफ काढा, सेंट आयटम्सचं सेटिंग लावा, तासभर हात लावू नका आणि मग तिघांकडून वेबवरून एकेक मेल पाठवून बघा. तरीही कोणाचा परत आला, तर बाउन्सचा खालचा सगळा भाग अक्षरं कॉपी करून पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, त्यात कोड अर्धवट कापला जातो. नावं आणि डोमेन पुसलंत तरी चालेल, आकडे मात्र तसेच ठेवा. सोबत वेबवरून गेला की नाही आणि डेस्कटॉपवर आउटलुक जुनं आहे की नवं, हे लिहा.